तिसरा खांब

दाजी तोरसकर नव्या जागेवर गेले की आधी बसत.

बाकीचे लोक जागेवर गेले की उभे राहतात. साहेब कमरेवर हात ठेवून उभे राहत, कंत्राटदार त्यांच्या मागे उभा राही, मापं घेणारे टेप ओढत धावपळ करत. दाजी मात्र कुठूनतरी एक घमेलं पैदा करायचे, ते पालथं घालायचे, वर रुमाल अंथरायचे आणि छत्री उघडून बसायचे. चांगले दोन-दोन तास. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. कोणी विचारलं, "दाजी, काय बघताय?" तर म्हणत, "पाय."

आणि खरोखरच ते पायच बघत. कोण कुठून येतो, कुठे वळतो, चिखल कुठे टाळतो, ओझं घेतलेली बाई कुठे थांबते. मऊ पेन्सिलीने ते सगळं वहीत उतरत जाई. नुसत्या बारीक रेघा, एकमेकींवरून गेलेल्या. जिथे जास्त लोक चालत तिथे रेघा दाट होऊन काळा पट्टा उठे. कचेरीत याला 'दाजींच्या मुंग्या' म्हणत. मीही म्हणत असे. नवा होतो, आणि स्वतःला शहाणा समजत होतो.

तसं समजायला मला कारण होतं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील गिरणीत साचाखात्यात, आई अंगठा सोडून सही करायला शिकली ती माझ्यापाशी, राहणं डिलाईल रोडच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत. मी बी.ए. झालो तेव्हा पेढे आम्ही नाही वाटले, चाळीने वाटले. हे मी ठासून सांगतो. ज्यांच्या घरात चार पिढ्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नसेल, मला वाटतं.

नोकरी लागली ती फोर्टात, मेहेरजी साहेबांच्या कचेरीत. साहेब पारशी, विलायतेत शिकून आलेले, इमारतींचे आराखडे करायचे. मी तिथे रेकॉर्ड क्लार्क. नकाशे गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यांत ठेवायचे, रजिस्टरात नोंद करायची, इंग्रजी पत्रं लिहायची. दाजी हेड ड्राफ्ट्समन. साहेबांनी सिगारेटच्या पाकिटावर मारलेल्या चार फराट्यांची त्यांच्या टेबलावर पाच मजल्यांची इमारत व्हायची.

पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "शिक्षण?"

"बी.ए."

"कसल्यात?"

"अर्थशास्त्र."

"म्हणजे रेघ मारता येत नाही." एवढं बोलून ते पुन्हा कागदावर वाकले. त्यांचं स्वतःचं शिक्षण मराठी सातवी. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बी.ए.' झालो. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. "बी.ए., ते नळकांडं काढ." "बी.ए., पेन्सिलीला टोक कर. पदवी झिजणार नाही."

दाजी मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागेत. बोलायचे चारचौघांसारखं, पण राग आला, लाज वाटली किंवा फार आनंद झाला की मालवणी बाहेर पडे. त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यापेक्षा भाषेवरून लवकर कळे.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं, जाधव, गाव खेडकडे. आणि पुढचा प्रश्न ते मनातल्या मनात चघळत बसण्याआधी मीच म्हटलं, "आम्ही आता बौद्ध." आमच्या अख्ख्या चाळीने नुकताच धम्म घेतला होता, आणि मला ते लपवायचं नव्हतं. दाजींनी "बरं" म्हटलं. टेबलावर त्यांचा स्वतःचा तांब्या असे, वर फुलपात्र पालथं. त्यांच्या हाताखालचे दोघे त्यातलं पाणी पीत. मला कोणी म्हटलं नाही, मीही मागितलं नाही. मी खालच्या नळावर जात होतो. सहा महिने गेलो.

मग एका दुपारी मी जिना उतरायला निघालो तर दाजी कागदावरून मान न उचलता म्हणाले, "तांब्यातलं पी. नळाला गाळ येतोय."

मी आडमुठा. म्हटलं, "चालेल तुम्हाला?"

त्यांनी रेघ पुरी केली, मग मान वर केली. "माझ्या आईला चाललं नसतं. ती वारली गेल्या महिन्यात. मला चालतं की नाही हे मी कधी बघितलंच नव्हतं."

मी फुलपात्र उचललं, पाणी प्यालो. थंड होतं. दाजींचा मोठेपणा मी वाढवून सांगणार नाही. सहा महिने हे सहा महिनेच असतात. पण उशिरा का होईना, स्वतःकडे बघून बोललेला माणूस मला तोवर फोर्टात भेटला नव्हता.

त्याच सुमाराला ती जागा आली.

रंग-रसायनांच्या एका कंपनीला मोठी कचेरी बांधायची होती. फोर्टात जागा मिळेना, म्हणून तिने गिरणगावात एक मोकळा प्लॉट घेतला. तो निघाला आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर. एका बाजूला डिलाईल रोडच्या चाळींचा रस्ता, दुसऱ्या बाजूला गिरण्यांच्या दरवाज्यांचा. मधे हा प्लॉट, आणि त्याच्यातून तिरकी गेलेली पायवाट. आमचे बाबा त्याच वाटेने कामावर जात. माझ्या जन्माआधीपासून. ती वाट नसती तर कोपऱ्यावरच्या गोदामांना वळसा घालून जावं लागलं असतं. चांगला पाव मैल. धडधाकट माणसाला पाव मैल म्हणजे काही नाही. पण तीस वर्षं कापसाची कुसं छातीत घेतलेल्या माणसाला तो फार असतो.

दाजी तिथे घमेलं पालथं घालून तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप घेऊन मी गेलो, तर त्यांच्यापुढे एक कोळीण टोपली टेकवून उभी. शीव कोळीवाड्याची हिराबाई. आमच्या चाळीत मासळी घेऊन यायची. तिचा आवाज खालच्या मजल्यावर असला तरी वरच्या मजल्यावरची मांजरं जागी होत.

"काय रं छत्रीवाल्या," ती म्हणत होती, "तीन दिस बघतंय तुला. आमची वाट बघून घेतोस नि उद्या तिच्यावर भिंत घालशील!"

"भिंत घालणार. पण वाटेवर नाही."

"कागदावर समद्यांची वाट असते. खाली येऊन बघावं तर कुंपण."

"हिराबाय, ही वाट जाऊची नाय," दाजी म्हणाले. मालवणी बाहेर पडली तेव्हा मी ओळखलं, गडी चिडलाय. "माझो शब्द."

"तू कोण रं शब्द देणारा? मालक हाईस?"

 छत्री मिटून दाजी माझ्याबरोबर निघाले. नाक्यावर आल्यावर म्हणाले, "बी.ए., मी काय बोलून बसलो?"

"शब्द दिलात."

"मेल्या, ता माका ठाऊक आसा."

दुसऱ्या दिवशी ते वहीतल्या मुंग्या आरपार दिसणाऱ्या कागदावर उतरवून साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी तळमजल्यावर शोरूम आणि भोवती कुंपणाची भिंत योजली होती. दाजींनी त्यांच्या आराखड्यावर आपला पातळ कागद ठेवला. शोरूमच्या बरोब्बर मधून काळा पट्टा गेला.

"डाजी," साहेब म्हणाले, "हा मुंगी लोक कुठून आला?"

"साहेब, ते आधीपासून चालतायत. इमारत उद्या येणार."

साहेब हसले. गोष्ट अशी होती की त्यांना विलायतेहून आल्यापासून खांबांवर उचललेली इमारत करायची हौस होती: तळमजला मोकळा, वर पाच मजले, काचा आणि सिमेंटच्या उभ्या पट्ट्या. तशी इमारत मागणारं गिऱ्हाईक मिळत नव्हतं. दाजींच्या मुंग्यांनी त्यांना निमित्त दिलं. कंपनीच्या जनरल मॅनेजरांना चित्र आवडलं. खालून लोक जाणार याकडे त्यांनी तेव्हा लक्षही दिलं नाही. त्यांचं लक्ष काचांकडे होतं.

मग दाजींच्या अंगात वारं संचारलं. फुटपाथाच्या बाजूने इमारतीला जो दगडी चौथरा येणार होता त्याची उंची ठरवायला ते लोकांचे गुडघे मोजत हिंडू लागले. कचेरीतल्या सगळ्यांचे मोजले. बायकोचे मोजले. हिराबाईचे मोजायला गेले तर तिने टेपच हिसकावून घेतला. शेवटी दीड फूट ठरलं. "एक फूट केलं तर ती पायरी. दोन फूट केलं तर ती भिंत," ते मला समजावत. "दीड फुटावर माणूस आपोआप बसतो. त्याला कोणी 'बसा' म्हणावं लागत नाही."

"पण दाजी, कंपनीच्या इमारतीवर लोकांनी बसावं कशाला?"

"तुझा बाप दमल्यावर कुठे बसतो?"

मी टेपचं दुसरं टोक धरलं.

हरले ते एकाच ठिकाणी. खांबांची गणितं करणाऱ्या इंजिनियरने खांब ठरावीक अंतरावर मांडले. त्यातला तिसरा वाटेत आला, नऊ इंच. दाजींनी आठवडाभर भांडण केलं. इंजिनियर म्हणे, हा खांब हलवायचा तर वरचे पाच मजले हलवा. दाजी म्हणत, नऊ इंच म्हणजे ओझं घेतलेल्या बाईचं कोपर. पण गणित काही हललं नाही. तिसरा खांब जिथे होता तिथेच राहिला, आणि पुढे दोन वर्षं त्या इमारतीबद्दल काहीही बोलणं निघालं तरी दाजी शेवटी त्या खांबावर येत. कोणी म्हणावं, "काचा छान बसल्या," की हे म्हणणार, "हां. तिसरा खांब चुकला."

इमारत चढत होती तेव्हा बाहेर मुंबई पेटलेली होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही आरोळी आमच्या चाळीत सकाळच्या चहाआधी सुरू व्हायची. मी सभांना जायचो, फलक रंगवायचो, घसा बसवून कचेरीत यायचो. दाजी मला टोचत, "झाली का रे घेऊन मुंबई?"

"तुम्ही नाही यायचं? मुंबई आपली नाही?"

"मुंबई कोणाची ते तुम्ही ठरवा. मला फुटपाथ कोणाचा तेवढं ठरवू दे." पण त्यांच्या ड्रॉवरमध्ये, खोडरबराच्या डबीखाली, आंदोलनाच्या पत्रकांची घडी नीट ठेवलेली मी पाहिली होती.

काचा बसल्या आणि मॅनेजरांना एकदम दिसलं की आपण गिरणगावाच्या मध्यावर काचेचं घर बांधलंय. दर आठ दिवसांनी दारावरून मोर्चा जातो. त्यांचं पत्र आलं. मीच उघडलं, मीच वाचलं. इमारतीखालच्या वाटेच्या दोन्ही तोंडांना लोखंडी दारं लावा. चौथऱ्यावर टोकदार गज बसवा, म्हणजे कोणी बसणार नाही. उद्घाटनाआधी करा.

साहेबांनी कपाळाला हात लावला; पण पैसे घालणारी कंपनी. त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, दारांचं चित्र काढ.

मला वाटलं, दाजी आता कडाडतील. ते टेबलाशी आले, नवा कागद ताणून चार कोपऱ्यांना पिना लावल्या आणि दारं काढायला बसले.

"दाजी! हिराबाईला शब्द दिला होतात."

"दिला होता. आणि मी नोकरही आहे."

दारं त्यांनी सुंदर काढली. वाईट काम वाईट हाताने करून सूड उगवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्यांनी मला एकदाही 'बी.ए.' म्हणून हाक मारली नाही, आणि तांब्या भरलेलाच राहिला.

दारांचा बदल म्युनिसिपालिटीकडे मंजुरीला पाठवायचा तर मूळ मंजूर नकाशा सोबत जोडावा लागे. तो मी नळकांड्यातून काढला आणि दाजींच्या टेबलावर पसरला. शिक्के होते, सह्या होत्या. दाजी रंगाची पेटी उघडून वाकले, आणि तसेच राहिले.

हे नीट सांगायला हवं. मंजुरीच्या नकाशांवर आमच्याकडे ब्रशने रंग भरायची रीत होती. नवं बांधकाम लाल. पाडायचं असेल ते पिवळं. प्लॉटातली मोकळी जागा कोरी. आणि बाहेरचा सार्वजनिक रस्ता हिरवा. रंग बघितला की वाचायची गरज नाही. त्या नकाशात डिलाईल रोडच्या बाजूचा रस्ता हिरवा होता, बरोबर. गिरण्यांच्या बाजूचा रस्ता हिरवा, बरोबर. आणि इमारतीखालची तिरकी वाट, जी कोरी हवी होती, तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी होती. मधे कुठे ब्रश उचलल्याची खूणसुद्धा नाही.

"बी.ए.," दाजी हळू म्हणाले, "दार लोट."

मी दार लोटलं. खाली रंग भरणाऱ्याची सही होती, तोरसकर. रजिस्टरातली नोंद माझ्या हाताची. मीही तेव्हा पाहिलं नव्हतं.

"ह्या माझ्या हातून कसा झाला?" ते स्टुलावर बसले. "रस्ता भरत होतो. हात थांबलोच नाय. माका तो रस्तोच वाटलो."

"याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ होतो की कंपनीची जागा मी लोकांचा रस्ता म्हणून लिहून दिली. मालकाला न विचारता. शिक्कामोर्तब करून." त्यांची निवृत्ती दीड वर्षावर होती. ते दोघांच्याही मनात आलं.

मला मात्र आत कुठेतरी आनंदाची उकळी फुटली होती. रस्त्याला दार लावता येत नाही! मी म्हटलं, "दाजी, सांगून टाका, मुद्दाम केलं म्हणून. चळवळीचे दिवस आहेत. लोक डोक्यावर घेतील तुम्हाला."

त्यांनी चष्मा काढला. "मुद्दाम केलं असतं तर ती चोरी झाली असती. ही चूक आहे, बी.ए. चूक सांगता येते."

"नाहीतर गप्प बसा. कोण बघतंय?"

"आज ना उद्या कोणीतरी बघेल. मग तुझ्या नोंदीवर येईल."

नकाशा गुंडाळून ते साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी नको म्हटलं तरी मी मागोमाग गेलो. नोंद माझी होती. दाजींनी नकाशा पसरला, हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, माझी चूक आहे. या पोराचा संबंध नाही." बस्स. बाजू मांडली नाही, हिराबाई नाही, मुंग्या नाहीत.

साहेबांनी नकाशा जवळ ओढून पाहिला. 

"डाजी, तू गाढव हाय," ते म्हणाले.

"होय साहेब."

"दरवाजा लावायचा तर हा सगळा नकशा सुधारून परत मंजुरीला पाठवायला पायजे. समजला? सगळा. पहिल्यापासून." मग त्यांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरलं. "आणि उद्घाटनाचा पाहुणा तर बोलावून ठेवला हाय."

त्यांनी टेलिफोन उचलला. पलीकडे मॅनेजर होते. साहेबांनी काहीही लपवलं नाही. माणसाकडून चूक झाली, ती कशी झाली, सुधारायला किती महिने जातील, तोवर इमारतीत पाऊल टाकता येणार नाही, सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. मग साहेबांनी फोन ठेवला.

"उद्घाटन करते. दरवाजा नाय, गज पण नाय," साहेब म्हणाले. "पन तो बोलते, एक काच फुटला तर नकशा परत पाठवायचा, दरवाजा लावायचा, आणि हिरवा रंगवाला घरी."

बाहेर आल्यावर दाजींनी पहिलं काय केलं तर तांब्या उचलून गटागटा पाणी प्याले. तोंड पुसून म्हणाले, "बी.ए., सगळ्या काचा किती असतील रे?"

उद्घाटनाला आठ दिवस असताना मोर्चा निघाला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यात होतो. इमारतीपाशी आलो आणि पाहतो तर चौथऱ्यावर, स्वतः ठरवलेल्या दीड फुटावर, दाजी छत्री घेऊन बसलेले. उन्हात पाच मजले काचा नुसत्या लखलखत होत्या. मी घोषणा देत होतो आणि काचांकडे बघत होतो. घशातून 'झालाच पाहिजे' निघत होतं आणि पोटात 'फुटता कामा नये' चाललं होतं.

पुढे पोलिसांनी अडवलं. लाठ्या सुरू झाल्या, आणि लोक मागे फिरले. एवढी माणसं त्या अरुंद रस्त्यात वळली की कोण कोणावर पडतंय कळेना. त्या रेट्यात मी इमारतीच्या बाजूला फेकला गेलो. दाजी चौथऱ्यावर उभे राहून छत्रीने खुणावत ओरडत होते, "हयसून या! खालसून! पलीकडे रस्तो आसा!" आणि लोंढा खांबांमधून आत शिरला. दार असतं तर दाराच्या गजांवर माणसं चिरडली असती. दार नव्हतं. माणसं आत गेली आणि पलीकडे गिरण्यांच्या रस्त्याला निघाली. काही तिथेच सावलीत धापा टाकत बसली.

एका तरण्या गड्याच्या हातात धोंडा होता. डोकं फुटलेलं, रक्त कानावर आलेलं, नजर त्या काचांवर. मी त्याच्यापासून दहा हात लांब. मी पोचण्याआधीच टोपली खाली आदळल्याचा आवाज झाला.

"ए मुडद्या!" हिराबाई. "डोळं फुटलं काय तुझं? खाली समदी आपली माणसं हायत! काच कुणाच्या टकुऱ्यात पडंल?"

त्याने तिच्याकडे बघितलं, खाली बघितलं. धोंडा टाकला आणि चौथऱ्यावर बसून रडायला लागला. हिराबाईने आपल्या पदराची पट्टी फाडून त्याचं डोकं बांधलं. बांधताना दाजींकडे वळून म्हणाली, "छत्रीवाल्या, वाट राखलीस हां."

दाजींची छत्री मोडली होती. तिच्या काड्या सरळ करण्यात ते फार गुंतल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून काचा बघितल्या, मजल्यामागून मजला. एकही तडा नव्हता.

फुटली ती एकच, उद्घाटनाच्या सकाळी. तोरणं बांधणाऱ्या डेकोरेटरची शिडी घसरली आणि दर्शनी काच खळ्ळकन खाली आली. मॅनेजर धावत आले. त्यांनी शिडीकडे बघितलं, मग दाजींकडे. दाजी धुवट कोट घालून, कर्ज नसलेला माणूस उभा राहतो तसे निवांत उभे होते. म्हणाले, "साहेब, ही मोर्चात धरायची काय?"

मेहेरजी साहेब खो खो हसले. मॅनेजरही, काय करणार, हसले. तो विषय तिथे संपला.

महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. चाळीत दिवे लागले, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला मिठी मारली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दाजी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशीही, हार गळ्यात असताना, त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सगळं झालं रे. पण तो तिसरा खांब."

मग मी त्यांना सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं, पण आमच्यासारख्यांना घरातलं दुखणं बाहेर बोलायची सवय नसते. "दाजी, आमचे बाबा रोज पाळी सुटली की त्या वाटेने येतात. दम लागतो. मधे टेकायला काही नसायचं, पूर्वी तिथेच उकिडवे बसायचे. आता तिसऱ्या खांबाला हात टेकतात. पाच मिनिटं उभे राहतात, मग घरी येतात. एकटे तेच नाहीत. जाऊन बघा, खांबावर खांद्याएवढ्या उंचीला डाग पडलाय."

दाजींनी विचारलं, "वाटेत आहे म्हणून हाताला येतो?"

"वाटेत आहे म्हणूनच."

"मग ऱ्हवांदे," ते म्हणाले. "ऱ्हवांदे तिथेच." आणि हार काढून त्यांनी टेबलावर ठेवला, जसं काही आत्ताच काम संपलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. गावाला कायमचे जाण्याआधी ते तिकडे येणार होते, हे मला ठाऊक नव्हतं. पाळी सुटायची वेळ. मी बाबांना आणायला गेलो होतो, पलीकडच्या फुटपाथवर उभा होतो. गिरणीची माणसं नेहमीसारखी त्या इमारतीखालून येत होती आणि त्यांच्यात, त्यांच्याच चालीने, दाजी. नवी छत्री. त्यांनी वर काचांकडे बघितलं नाही, चौथऱ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या खांबाशी आले आणि थांबले. तिथे बाबा हात टेकून उभे होते. दोघांची ओळख नव्हती.

बाबांनी एक म्हातारा दमलेला माणूस बघितला आणि हात थोडा सरकवून जागा केली. दाजींनी छत्री डाव्या हातात घेतली, उजवा हात त्या काळवंडलेल्या डागावर ठेवला. दोघं तसेच उभे राहिले. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं होतं, नाही मारली. दाजींनी एक लांब श्वास सोडला, तो मला रस्त्यापलीकडूनही दिसला. मग बाबांना मान लववून ते गर्दीबरोबर पुढे निघून गेले.